अमेरिकेची यादवी आणि तिची आठवण



आमच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांला वाटेत गाठून विचारले, "काय हो, अमेरिकेतली भाऊबंदकी, तीही दीडशे वर्षांपूर्वीची, आणि तिच्यावर काढलेली एक माहितीपटांची मालिका. कामगार चळवळीतल्या माणसाला हे कशाला सुचले?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देता देताच आजचा विषय पुरा होईल असे आम्हांला वाटते.

प्रथम ही मालिका कोणती ते सांगितले पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ च्या एप्रिलात सुरू झाले आणि १८६५ च्या एप्रिलात संपले. त्यावर केन बर्न्स ह्या चित्रपटकर्त्याने नऊ भागांची, सुमारे साडेअकरा तासांची एक मालिका तयार केली. युद्ध चार वर्षे चालले. मालिकेला त्याहून अधिक काळ लागला. २३ ते २७ सप्टेंबर १९९० अशा लागोपाठ पाच रात्री ती अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. त्या वेळी त्या देशाची वस्ती पंचवीस कोटींच्या आसपास होती आणि सुमारे चार कोटी लोकांनी ही मालिका पाहिली. तिच्यात नाच नाही, नायक-नायिका नाहीत, लढाईचा देखावा उभा केलेला नाही. आहेत ती जुनी छायाचित्रे, जुनी पत्रे, रिकाम्या रणभूमीवरचे सूर्यास्त आणि बोलणारी चार-दोन जाणती माणसे. तरीही २०१५ साली ती नव्याने स्वच्छ करून पुन्हा दाखविण्यात आली, आणि आजही माणसे ती पाहतात. आम्ही स्वतः ती संगणकाच्या पडद्यावर पाहिली, मांडीवर इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन. आमचे इंग्रजी शाळेतले नव्हे, टाचणे काढून शिकलेले आहे. एक भाग पुरा व्हायला आम्हांला दोन रात्री लागत. पण मध्येच सोडून द्यावी असे एकदाही वाटले नाही. ही मोहिनी कशाची, हा आमचा पहिला प्रश्न. आणि ह्या मोहिनीची किंमत कोणी मोजली, हा दुसरा.

परंतु त्याआधी स्नेह्यांच्या शंकेचा निकाल लावू. हे युद्ध आम्हांला परके नाही. त्या काळी इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई, आणि तो गुलामांच्या हातांनी वेचलेला असे. युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, आणि गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका आणि समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरबाजार वेडा झाला. ज्या प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून पुढे मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा राहिला, ते ह्याच भरतीचे राजे. १८६५ त युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला, आणि त्याच वर्षाच्या १ जुलैला, सौदे चुकते करण्याच्या दिवशी, मुंबईचा बाजार बसला. दख्खनच्या खेड्यांत सावकारांनी तेजीत सैल सोडलेला हात मंदीत आखडला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्या दंग्याची कारणे अनेक होती. सारावाढ होती, जुने कर्ज होते. पण त्यांतला एक धागा अमेरिकेच्या ह्या युद्धापर्यंत जाऊन पोहोचतो.

आणि दुसरा धागा आहे तो पुण्याचाच. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना. युद्ध संपून तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. हे अर्पण आपण ध्यानात ठेवू. शेवटी त्याच्याकडे यावयाचे आहे.

आता मालिकेच्या मोहिनीकडे वळू. तिचे पहिले कारण छायाचित्र. यादवी युद्धाच्या वेळी छायाचित्रणाची कला तरुण होती. काचेच्या तुकड्यावर ओले रसायन पसरायचे, ते ओले असतानाच चित्र टिपायचे आणि लागलीच अंधाऱ्या गाडीत नेऊन ते धुवायचे, असा तो खटाटोप. उघडझाप काही सेकंदांची, त्यामुळे धावता घोडा किंवा सुटती तोफ टिपता येत नसे. म्हणून ह्या युद्धाची चित्रे आहेत ती लढाईच्या आधीची आणि नंतरची: लढायला निघालेल्या पोरांची आणि पडलेल्या प्रेतांची. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटीटम येथे एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० लोक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. अलेक्झांडर गार्डनर ह्यांनी तेथील मुडद्यांची चित्रे घेतली, आणि पुढच्याच महिन्यात मॅथ्यू ब्रेडी ह्यांच्या न्यूयॉर्कमधील चित्रशाळेत ती लोकांसमोर मांडली गेली. घरबसल्या लोकांनी रणांगण पाहिले ते असे.

बर्न्स ह्यांनी जुनी छायाचित्रे, चित्रे आणि वर्तमानपत्रांतील चित्रे मिळून सुमारे १६,००० नगांचा उपयोग केला. त्यांची युक्ती साधी आहे. चित्र हलत नाही तर नजर हलवावी. कॅमेरा सैनिकाच्या बुटांपासून हळूहळू वर सरकतो, हातातल्या बंदुकीवर रेंगाळतो आणि शेवटी चेहऱ्यावर येऊन थांबतो. तो एकोणीस वर्षांचा चेहरा आपल्याकडे बघत असतो. निवेदक एवढेच सांगतो की पुढे काय झाले. हलत्या चित्रात माणूस निघून जातो. येथे तो थांबतो आणि आपल्यालाही थांबवतो. संगणकावर चित्रे अशी सरकविण्याच्या करामतीला आज बर्न्स ह्यांचेच नाव पडले आहे.

दुसरे कारण आवाज. लिंकन, ग्रँट, ली ही मोठी मंडळी मालिकेत आहेतच. परंतु ती पेलून धरली आहे लहान माणसांनी. उत्तरेकडचा एलायशा हंट ऱ्होड्स, एकोणिसाव्या वर्षी साधा सैनिक म्हणून निघालेला आणि अखेरीस त्याच पलटणीचा प्रमुख झालेला. दक्षिणेकडचा सॅम वॉटकिन्स, टेनेसीचा शिपाई, ज्याने पुढे आपल्या आठवणी लिहिल्या. मेरी चेस्नट ही दक्षिणेतील सरदार घराण्यातली रोजनिशी लिहिणारी स्त्री. आणि फ्रेडरिक डग्लस, गुलामीतून पळून येऊन देशाचा वक्ता झालेला पुरुष. ह्यांचे शब्द नामांकित नटांनी वाचले आहेत, पण नाटकी सुरात नव्हे. आपल्याच माजघरात कोणी पत्र वाचून दाखवावे तसे.

तिसरे कारण सूर. ही मालिका म्हणजे एक कीर्तनच आहे असे आम्हांला वाटते. आख्यान आहे, दृष्टान्त आहेत, आणि पुन्हा पुन्हा येणारे धृपद आहे. ते धृपद म्हणजे सारंगीच्या जातीच्या, आपण व्हायोलिन म्हणतो त्या वाद्यावरची एक विरहाची धून. पुष्कळांना ती युद्धकाळातली वाटते. वस्तुतः ती जे उंगर ह्या वादकाने १९८२ साली रचली; 'अशोकन' हे न्यूयॉर्क राज्यातील एका ठिकाणाचे नाव, आपल्या सम्राट अशोकाशी त्याचा संबंध नाही. उन्हाळी संगीतशिबिर संपल्यावर जी हुरहूर लागली तीतून ती धून निघाली. म्हणजे नाचगाण्याचे शिबिर उठल्याचे दुःख यादवी युद्धाच्या गळ्यात बसले, आणि असे बसले की आता ते वेगळे करता येत नाही. सुराला इतिहास ठाऊक नसतो. तो ज्याच्या मागे वाजेल त्याला तो आपले दुःख देतो.

आणि चौथे कारण, सर्वांत खोल: ही मालिका शोक करू देते. त्या युद्धात सहा लाख वीस हजार माणसे मेली असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. २०११ साली डेव्हिड हॅकर ह्या इतिहासकाराने जनगणनेचे आकडे पुन्हा तपासून साडेसात लाखांचा अंदाज दिला. तेव्हाच्या सव्वातीन कोटींच्या आत-बाहेर वस्तीच्या देशात हा आकडा म्हणजे घराघरांतला रिकामा पाट. १९९० च्या त्या सप्टेंबरात अमेरिकेचे सैनिक पुन्हा एकदा परदेशी, अरबस्तानच्या वाळवंटात, निघाले होते. आपापल्या पोरांचा घोर लागलेल्या घरांत ही जुनी पत्रे वाचली गेली. मग ती मनाला भिडली ह्यात नवल ते काय?

ह्या सर्वांचा कळस म्हणजे पहिल्या भागाच्या अखेरीस येणारे मेजर सुलिव्हन बॅलूचे पत्र. ऱ्होड आयलंडचा हा वकील. वय ३२, घरी बायको सेरा आणि दोन मुलगे. १४ जुलै १८६१ रोजी त्याने तिला पत्र लिहिले की माझा जीव तुझ्यापाशी गुंतला आहे, परंतु देशाच्या राज्यसंस्थेचे ऋणही मला ओढते आहे; मी परतलो नाही तर वाऱ्याच्या झुळुकीत मीच आलो असे समज. एका आठवड्याने बुल रनच्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि त्यातच गेला. सेराने पुन्हा लग्न केले नाही.

ह्या पत्राशीच आमची गाठ पडली. आमच्या संघटनेचा एक अभ्यासवर्ग चालतो. रविवारी सकाळी वीस-पंचवीस कामगार जमतात. तेथे आम्ही मालिकेचा पहिला भाग थांबवत थांबवत, मराठीत सांगत दाखविला. पत्र आले तेव्हा खोलीत कोणी खोकलेही नाही. दिवा लावला तर दोघातिघांचे डोळे ओले. मग मागच्या बाकावरचा एक यंत्रमाग कामगार उठला आणि म्हणाला, "दादा, पत्र लई चांगलं हाय. ह्या मेजरच्या घरचं सगळं कळलं. पण ज्यांच्या पायात बेड्या होत्या, त्यांच्या घरचं पत्र कुठंय?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही पत्र पुन्हा काढून वाचले. प्रेम आहे, कर्तव्य आहे, पूर्वजांनी केलेल्या क्रांतीचे ऋण आहे. बॅलू स्वतः लिंकनच्या पक्षाचा होता. पण गुलामगिरी हा शब्द त्या पत्रात नाही. त्याला दोष देण्याचे कारण नाही. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस बायकोला पत्र लिहितो, जाहीरनामा नव्हे. प्रश्न आमचा होता. आम्ही त्या पत्रावर रडलो, आणि युद्ध कशासाठी झाले हे रडता रडता विसरलो.

यंत्रमागवाल्या भावाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर फार सरळ निघाले. दक्षिणेतील कित्येक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. चाळीस लाख माणसे गुलाम, आणि त्यांच्या हाती लेखणी पडू नये असा बंदोबस्त. पत्रांवर उभारलेल्या इतिहासात पत्र लिहिणाराच बोलणार. ज्याला लिहू दिले नाही तो गप्प राहणार. मालिकेचे जे बळ, तेच तिचे न्यून. ज्या गावात शूद्रातिशूद्रांच्या मुलींना अक्षरे शिकविणाऱ्यांवर शेण फेकले गेले, त्या पुण्याच्या मुलखातल्या माणसाला हे अधिक समजावून सांगायला नको.

उरलेले अर्धे उत्तर पुस्तकांत सापडले. स्पॉट्सवुड राइस हा मिसूरी राज्यातला गुलाम १८६४ साली उत्तरेच्या सैन्यात भरती झाला. त्याच्या मुली मालकांच्या ताब्यातच होत्या. सप्टेंबर १८६४ मध्ये त्याने लष्करी इस्पितळातून दोन पत्रे लिहिली. एक मुलींना: धीर धरा, प्राण गेला तरी बेहत्तर, मी तुम्हांला सोडवीन. दुसरे मालकिणीला: मुलगी माझी आहे, देवाने ती मला दिली आहे, तू तिला धरून ठेवशील तितके तुलाच भोगावे लागेल, आणि आम्ही फौजेनिशी येत आहोत. पुढच्या रविवारी हे दुसरे पत्र आम्ही वर्गात वाचले. ह्या वेळी कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही. माणसे ताठ बसली.

बॅलूचे पत्र आणि राइसचे पत्र, दोन्ही बापांची. दोघांचाही घरावर जीव. परंतु बॅलूचे पत्र जगाच्या ओठी आहे, राइसचे तितके नाही. ह्याचे कारण असे की पहिले पत्र कोणालाही दुखवीत नाही. त्यावर उत्तरेचा नातू रडेल, दक्षिणेचाही रडेल. दुसरे पत्र वाचताना मात्र आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे ठरवावे लागते.

इतिहासकारांनी मालिकेवर घेतलेला आक्षेप ह्याच जातीचा होता. १९९६ साली त्यांच्या टीकालेखांचे एक पुस्तकच निघाले. एरिक फोनर आणि लिऑन लिटवॅक ह्यांसारखे नाणावलेले अभ्यासक त्यात आहेत. मालिकेत सर्वांत अधिक वेळ बोलतात ते शेल्बी फूट, मिसिसिपीत जन्मलेले कादंबरीकार. त्यांची वाणी मधाळ. लढाया आणि सेनापती ते असे रंगवतात की काल भेटून आले असावेत. त्यांच्या मानाने फार थोडा वेळ मिळाला आहे तो बार्बरा फील्ड्स ह्या कृष्णवर्णी इतिहासकार विदुषींना. आणि मर्माचे सांगतात त्या ह्याच. मालिकेबरोबर निघालेल्या ग्रंथात त्यांचा जो लेख आहे त्याचे शीर्षकच गुलामांना मुक्त कोणी केले, असे विचारणारे आहे. मालिकेच्या शेवटी त्या बजावतात की हे युद्ध अजून चालू आहे आणि ते अजूनही हरता येईल.

गुलामांना मुक्त कोणी केले? लिंकनने, असे आम्ही शाळेत शिकलो. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा त्यांचाच, त्यांचे श्रेय कोणी काढून घेऊ नये. परंतु त्याच्या दीड वर्ष आधी, मे १८६१ मध्ये, व्हर्जिनियातील मन्‍रो किल्ल्याच्या दारात तीन गुलाम रात्री पळून येऊन उभे राहिले. दक्षिणेचा सैन्याधिकारी त्यांना परत मागायला आला. किल्ल्यावरचे जनरल बटलर हे मूळचे वकील. त्यांनी युक्ती लढविली की शत्रूचा माल म्हणून आम्ही ह्यांना जप्त केले आहे. बातमी पसरली आणि तीन माणसांमागून शेकडो, पुढे लाखो आली. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात ह्या पळून येण्याला नाव दिले आहे 'सार्वत्रिक संप'. हा शब्द वाचला त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. ज्यांना मजुरी नव्हती त्यांनी मजूर म्हणून संप केला. शेतावरचा हात काढून घेतला आणि तोच हात शत्रूच्या हाती दिला. सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णी माणसे उत्तरेच्या सैन्यात लढली.

तेथेही त्यांना झगडावेच लागले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यांतून कपड्यांचे ३ कापून हाती ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा पगार घेण्यास नकार दिला आणि सुमारे दीड वर्ष पगाराविना लढाई केली. दक्षिण कॅरोलिनाच्या कृष्णवर्णी पलटणीतील सार्जंट विल्यम वॉकर ह्याने ह्याच कारणाने आपल्या माणसांकडून अधिकाऱ्याच्या तंबूपुढे बंदुका खाली ठेवविल्या. बंडाच्या आरोपाखाली २९ फेब्रुवारी १८६४ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षाच्या जूनमध्ये अमेरिकन विधिमंडळाने समान वेतनाचा कायदा केला. समान कामाला समान दाम ही आमची घोषणा आम्ही दर वर्षी भिंतीवर रंगवितो. तिच्यासाठी असा एक माणूस मेला हे आम्हांला पन्नाशीत कळले.

दूरच्या कामगारांनाही तेव्हा बाजू घ्यावी लागली. कापसावाचून गिरण्या बंद पडून लँकेशायरचा कामगार उपाशी होता. तरी ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या सभेने लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले, आणि १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने त्या कामगारांना कृतज्ञतेने उत्तर लिहिले. त्यांच्या पोटाचा हिशेब दक्षिणेच्या बाजूचा होता. त्यांनी तो बाजूला ठेवला.

आता शोकाची किंमत कोणी मोजली ते पाहू. १९१३ साली गेटिसबर्गच्या लढाईला पन्नास वर्षे झाली. दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांवर वृद्ध सैनिक तेथे जमले, एकेकाळी ज्या दगडी बांधावर एकमेकांना मारले त्याच बांधावर त्यांनी हात मिळविले. मालिकेच्या शेवटी असे म्हातारे पडद्यावर येतात, आणि ते पाहून कोणाचेही मन द्रवेल. परंतु त्या वर्षी दक्षिणेतील कृष्णवर्णी माणसाची स्थिती काय होती? १८७० साली दिलेला मतदानाचा हक्क, १८७७ मध्ये उत्तरेचे सैन्य निघून गेल्यावर, दहशतीने आणि कायद्याच्या पळवाटांनी हिरावला गेला होता. तो पुरता परत मिळायला १९६५ चा कायदा यावा लागला. दोन भावांची दिलजमाई झाली. तिसऱ्याच्या वाट्यावर पाणी सोडून झाली. डग्लस ह्यांनी १८७८ सालीच इशारा दिला होता की ह्या युद्धात एक बाजू न्यायाची होती आणि एक अन्यायाची, आणि हा भेद कोणत्याही भावनेच्या भरात विसरता कामा नये.

बर्न्स ह्यांच्यावर आम्ही अन्याय करू इच्छित नाही. त्यांच्या पहिल्या भागाचे नावच 'कारण' ह्या अर्थाचे आहे आणि गुलामगिरीचे कारण ते प्रारंभीच सांगतात. फील्ड्सबाईंना आम्ही प्रथम ऐकले ते त्यांच्याच मालिकेत. ड्यू बॉइस उघडले ते त्यानंतर. ज्या दारातून आत आलो त्या दाराला लाथ मारू नये. आमचे म्हणणे इतकेच की साडेअकरा तासांत कारण एकदा सांगितले जाते आणि धून पुन्हा पुन्हा वाजते. आणि ऐकणारा जे पुन्हा पुन्हा ऐकतो तेच घरी घेऊन जातो.

हे आमच्या जिव्हारी का लागले ते सांगून संपवतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. आज त्याच्या आठवणी निघतात, बंद भोंग्यांची आणि पडक्या धुराड्यांची छायाचित्रे दाखविली जातात, श्रोते हळहळतात. आम्हीही हळहळतो. पण बाहेर पडणाऱ्या तरुणाला विचारा की मागण्या काय होत्या? पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे, आणि कोणती संघटना आपली हे कामगाराला ठरवू न देणारा १९४६ चा कायदा रद्द करणे; ह्यांतले त्याला काहीच सांगता येत नाही. ज्याची मागणी विसरली गेली त्याचे फक्त दुःख उरते, आणि नुसत्या दुःखाला कोणीही मालक हरकत घेत नाही. त्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या दुकानांच्या इमारतीत त्याची छायाचित्रेही टांगली जातील.

म्हणून जोतीरावांचे ते अर्पण आम्हांला आठवते. त्याच युद्धाने मुंबईच्या पेढ्यांना तेजी दाखविली आणि मंदी दाखविली. पुण्यात बसलेल्या ह्या माणसाने मात्र हजारो मैलांवरच्या त्या धुमाकुळातून नेमकी एक गोष्ट उचलली: माणसाने माणसाला विकण्याची रीत मोडली गेली, आणि ती मोडू शकते. त्यांच्यापुढे छायाचित्रांची मालिका नव्हती, विरहाची धून नव्हती. कारण मात्र त्यांनी बरोबर ओळखले होते, आणि ते त्यांनी आपल्या घराच्या दाराशी आणून ठेवले.

ही मालिका आपण अवश्य पाहावी. रडू आले तर रडावे, त्यात कमीपणा नाही. मग दिवा लावून, आमच्या त्या यंत्रमागवाल्या भावाप्रमाणे, दुसऱ्या पत्राची चौकशी करावी. आमचा अभ्यासवर्ग दर रविवारी सकाळी भरतो, आणि दोन्ही पत्रे आम्ही एकाच वहीत उतरून ठेवली आहेत.